पिजिन सोर्सवरून बिल्ड करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सवर पिजिन हा मेसेंजर सोर्स कोडवरून बिल्ड करायला, म्हणजे मूळ कोड कंपाइल करून चालता प्रोग्राम बनवायला, बसलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पिजिनच्या २.१४ मालिकेला धरून आहेत. आज्ञा, फाइलींची आणि पॅकेजांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी लहान अक्षरांत.

१. पिजिन म्हणजे नेमकं काय? व्हॉट्सॲपसारखंच ॲप आहे का?

नाही. व्हॉट्सॲपचं स्वतःचं नेटवर्क आहे, पिजिनचं नाही. एक्सएमपीपी, आयआरसी, बोनजूर अशा वेगवेगळ्या नेटवर्कांवरची तुमची खाती एकाच खिडकीत आणून देणारा हा प्रोग्राम आहे. मार्क स्पेन्सर यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस तो ‘गेम’ (जीएआयएम) या नावाने सुरू केला. ते नाव एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या मेसेंजरच्या ‘एआयएम’ या आद्याक्षरांशी जुळत असल्यामुळे एओएलशी वाद झाला, आणि २००७ साली प्रकल्पाचं नाव पिजिन झालं.

पुढची उत्तरं समजायला एक रचना लक्षात ठेवा. नेटवर्कशी बोलण्याचं सगळं काम ‘लिबपर्पल’ ही लायब्ररी करते. तिच्यावर दोन चेहरे बसवले आहेत: खिडक्यांचा पिजिन आणि टर्मिनलमधला फिंच. सोर्स एकच, त्यामुळे एका बिल्डमधून तिन्ही गोष्टी निघतात.

२. ॲप्ट या इन्स्टॉल करणाऱ्या आज्ञेने एका ओळीत इन्स्टॉल होतं. मग बिल्ड करण्याचा खटाटोप कशाला?

फक्त गप्पा मारायच्या असतील तर खरंच करू नका. डिस्ट्रोचं, म्हणजे उबुंटू किंवा फेडोरासारखं जे लिनक्स तुम्ही वापरता त्याचं, तयार पॅकेज घ्या, सुरक्षेचे अपडेट आपोआप मिळत राहतील.

बिल्ड करण्याची कारणं वेगळी असतात. डिस्ट्रोतली आवृत्ती जुनी असते आणि हवी ती दुरुस्ती नव्या आवृत्तीत झालेली असते. जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉलचा भाग वगळून हलका पिजिन हवा असतो. कॉलेजच्या मशीनवर ॲडमिन पासवर्ड नसतो. किंवा आपण चालवतो तो प्रोग्राम कोणत्या तुकड्यांनी बनलाय, हे एकदा डोळ्यांनी बघायचं असतं. हे शेवटचं कारण मला सगळ्यात जवळचं आहे. ज्याच्यातून आपण घरच्यांशी, मित्रांशी बोलतो, तो प्रोग्राम आपण स्वतः उघडून, जोडून चालवू शकतो हा हक्क मुक्त सॉफ्टवेअरने दिलाय, आणि तो आयुष्यात एकदा तरी वापरून बघावा असं मला मनापासून वाटतं.

३. जुना सोर्स बिल्ड केला तर याहू मेसेंजर किंवा गूगल टॉक परत चालेल का?

नाही. या सेवा सर्व्हरच्या बाजूने बंद झाल्या आहेत. एआयएम १५ डिसेंबर २०१७ला बंद झालं, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ला, आयसीक्यू २६ जून २०२४ला. गूगल टॉकला बाहेरच्या प्रोग्राममधून जोडण्याची सोय २०२२ साली गेली. तुमच्याकडचा प्रोग्राम कितीही नीट बिल्ड झाला तरी पलीकडे फोन उचलायला कोणी नाही.

म्हणूनच आज पिजिन घेणाऱ्याला मी एक्सएमपीपी खातं काढायला सांगतो. ते ईमेलसारखं चालतं: सर्व्हर अनेक, पत्ता ‘नाव ॲट सर्व्हर’ असा, आणि एक सर्व्हर बंद पडला तरी अख्खं नेटवर्क बंद पडत नाही.

४. सोर्स कुठून घेऊ? टारबॉल की रिपॉझिटरी?

पहिल्यांदा करत असाल तर टारबॉलच, म्हणजे एका आवृत्तीचा सगळा सोर्स एकत्र बांधलेली फाइल. पिजिनच्या अधिकृत साइटवरून २.१४ मालिकेतला सर्वांत नवा घ्या. त्यात ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट तयार येते.

रिपॉझिटरी, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जिथे नोंदला जातो ती जागा, मर्क्युरियलमध्ये आहे, गिटमध्ये नाही. तिथे दोन ठिकाणी फसगत होते. मुख्य शाखेवर तिसऱ्या आवृत्तीचं काम चालतं. ती मेसॉन या दुसऱ्याच साधनाने बिल्ड होते आणि या पानावरचं बहुतेक काही तिला लागू पडत नाही. दुसऱ्या आवृत्तीसाठी क्लोन केल्यावर ‘रिलीज-२.एक्स.वाय’ या शाखेवर यावं लागतं. शिवाय तिथे ‘कॉन्फिगर’ तयार नसतं, आधी ‘./ऑटोजेन.एसएच’ चालवावी लागते आणि तिला ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, इंटलटूल ही सगळी मंडळी हजर लागतात. ‘कॉन्फिगर फाइलच नाही’ अशी तक्रार आली की समजायचं, रिपॉझिटरीतून घेतलंय.

५. टारबॉलसोबत एक छोटी ‘.एएससी’ फाइल असते. ती लागते का?

बिल्डला लागत नाही, पण घ्या. ती डिजिटल सही आहे. ‘जीपीजी --व्हेरिफाय’ला ही फाइल आणि टारबॉल दोन्ही दिले की टारबॉल मूळ लेखकांनी सही केलेलाच आहे का ते कळतं. सही करणाऱ्याची सार्वजनिक किल्ली आधी आणावी लागते, ते काम एकदाच. हे दोन मिनिटांचं काम टाळू नका. न तपासता घेतलेल्या गोष्टीने काय होऊ शकतं, त्याचा एक खराखुरा दाखला प्रश्न २१मध्ये आहे.

६. बिल्ड करण्याआधी काय काय इन्स्टॉल असावं लागतं?

एकेक नाव शोधत बसू नका. डेबियन आणि उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट बिल्ड-डेप पिजिन’, फेडोरावर ‘सुडो डीएनएफ बिल्डडेप पिजिन’. ‘सुडो’ लावलं की आज्ञा ॲडमिनच्या अधिकाराने चालते. डिस्ट्रोवाल्यांनी स्वतः पिजिन बिल्ड करताना जे वापरलं ते सगळं एका फटक्यात येतं.

ॲप्टवर हमखास एक अडचण येते: सोर्स पॅकेजांची यादी बंद असते, त्यामुळे ‘सोर्सेस यादीत डेब-एसआरसी ओळी घाला’ असं उत्तर मिळतं. सॉफ्टवेअर सेटिंग्जमध्ये ‘सोर्स कोड’ची खूण करा, किंवा यादीच्या फाइलीत ‘डेब’सोबत ‘डेब-एसआरसी’ घाला आणि ‘सुडो ॲप्ट अपडेट’ चालवा.

७. एकूण पायऱ्या किती?

टारबॉल सोडवायचा, त्या फोल्डरमध्ये जायचं, ‘./कॉन्फिगर’, मग ‘मेक’, मग ‘सुडो मेक इन्स्टॉल’, शेवटी ‘सुडो एलडीकॉन्फिग’. एवढंच.

कॉन्फिगर तुमच्या मशीनवर काय आहे आणि काय नाही ते तपासतं, मेक कोड कंपाइल करतं, मेक इन्स्टॉल तयार फाइली जागेवर ठेवतं. एरर कोणत्या पायरीवर आला ते आधी ओळखा. ‘पिजिन होत नाहीये’ एवढंच लिहून पाठवलं तर मदत करणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो.

८. कॉन्फिगर मध्येच थांबतं. ‘डेव्हलपमेंट हेडर्स नॉट फाउंड’ म्हणतं. लायब्ररी तर मशीनवर आहे!

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच.

लायब्ररी दोन भागांत येते. एक भाग तयार प्रोग्राम चालवायला लागतो, तो तुमच्याकडे आहे. दुसरा भाग म्हणजे हेडर फाइली, म्हणजे त्या लायब्ररीत कोणती फंक्शनं आहेत आणि ती कशी वापरायची याची यादी. नवा प्रोग्राम कंपाइल करताना ती यादी लागते. डेबियन कुळात त्या पॅकेजच्या नावाशेवटी ‘-डेव्ह’ असतं, फेडोरा कुळात ‘-डेव्हेल’. कॉन्फिगरने ज्या लायब्ररीचं नाव घेतलं, तिचं हे पॅकेज टाका आणि कॉन्फिगर पुन्हा चालवा.

जीटीके, म्हणजे खिडक्या आणि बटणं दाखवणारी लायब्ररी, तिच्याबाबत एक सावधगिरी. पिजिन २.१४ला जीटीके २ लागतं. जीटीके ३ किंवा ४ची हेडर्स टाकून उपयोग नाही, आणि ही चूक फार जण करतात. डेबियनवरचं पॅकेज ‘लिबजीटीके२.०-डेव्ह’. काही नव्या डिस्ट्रोंनी जीटीके २ काढून टाकलंय. तिथे ‘--डिसेबल-जीटीकेयूआय’ देऊन नुसता फिंच बिल्ड करता येतो.

हेडर टाकूनही तोच संदेश आला तर सोर्सच्या फोल्डरमधली ‘कॉन्फिग.लॉग’ उघडा. त्यात प्रत्येक तपासणीसाठी चालवलेली आज्ञा आणि तिचं खरं उत्तर असतं. फाइल लांबलचक आहे, तेव्हा लायब्ररीचं नाव शोधून थेट तिथे जा.

९. तोच संदेश पुढे म्हणतो, ‘गरज नसेल तर डिसेबल करा’. मग सगळंच डिसेबल केलं तर?

काही गोष्टी खुशाल वगळा. ‘--डिसेबल-व्हीव्ही’ने आवाज आणि व्हिडिओ जातो, टेक्स्टपुरताच वापर असेल तर मोठं ओझं उतरतं. ‘--डिसेबल-मीनव्हाइल’ने सेमटाइम हा पूर्वी आयबीएमचा असलेला ऑफिसचा मेसेंजर जातो, तो तुमच्या ऑफिसात नसेल तर कळणारही नाही. ‘--डिसेबल-अवाही’ने एकाच लॅनवरचं बोनजूर जातं. टीसीएल, टीके, पर्ल हे त्या भाषांतले प्लगइन चालवण्यापुरते. ‘--डिसेबल-जीटीकेस्पेल’ने स्पेलिंगखालची लाल रेघ जाते. ‘--डिसेबल-स्क्रीनसेव्हर’ देण्याआधी मात्र विचार करा: माउस-कीबोर्ड थांबल्यावर तुम्ही जागेवर नाही हे पिजिन त्यावरून ओळखतो.

एक गोष्ट कधीही वगळू नका. जीएनयूटीएलएस आणि एनएसएस या एन्क्रिप्शनच्या दोन्ही लायब्रऱ्यांची हेडर्स सापडली नाहीत की कॉन्फिगर थांबतं आणि दोन्ही डिसेबल करण्याचा पर्याय सुचवतं. तो पर्याय देऊन बिल्ड पूर्ण होतं, पिजिन उघडतोही, पण एन्क्रिप्शन नसतं. नीट चालवलेले एक्सएमपीपी सर्व्हर असं कनेक्शन घेतच नाहीत, आणि जिथे ते जुळतं तिथे तुमचं बोलणं वाटेतल्या कोणालाही वाचता येतं. दोन्हींपैकी एकाचं डेव्ह पॅकेज टाका आणि पुढे जा.

१०. कॉन्फिगरच्या शेवटी एक लांब तक्ता येतो. तो वाचायलाच हवा का?

हो. अख्ख्या बिल्डमधली सगळ्यात कामाची जागा तीच आहे.

डावीकडे नाव, मग टिंबांची रांग, उजवीकडे ‘येस’ किंवा ‘नो’. चार ओळींवर बोट ठेवून वाचा: जीटीके यूआय ‘येस’ आहे का, बिल्ड होणाऱ्या प्रोटोकॉलांच्या यादीत तुम्हाला हवा तो, म्हणजे बहुधा ‘जॅबर’, आहे का, एसएसएल, म्हणजे एन्क्रिप्शनच्या, लायब्ररीपुढे काही नाव आहे का, आणि इन्स्टॉल कुठे होणार. एक्सएमपीपीचं जुनं नाव जॅबर, आणि कोडमध्ये अजून तेच चालतं. ‘माझ्या यादीत एक्सएमपीपी नाही’ असं घाबरून लिहिणाऱ्यांना हेच उत्तर जातं.

त्याच तक्त्यात ‘हॅज यू’ अशी एक ओळ आहे, आणि तिच्यापुढे कायम ‘येस’ असतं. कोणतीही लायब्ररी तपासून ती येत नाही. लिहिणाऱ्यांनी तुमच्यासाठी ठेवलेली ती ओळ आहे. रात्री उशिरा पाचव्यांदा कॉन्फिगर चालवल्यावर ती पहिल्यांदा नजरेस पडली, तेव्हा पलीकडे माणसं आहेत हे मला जाणवलं होतं.

११. ‘./कॉन्फिगर’ दिलं की ‘परमिशन डिनाइड’ येतं. फाइल तर माझीच आहे.

टारबॉल पेन ड्राइव्हवरच सोडवलाय का? बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. तिथे लिनक्सच्या परवानग्या साठवल्या जात नाहीत, सिम्बॉलिक लिंकही करता येत नाहीत. त्यामुळे स्क्रिप्ट चालत नाही, आणि ‘एसएच कॉन्फिगर’ करून चालवली तरी पुढे लायब्ररी जोडताना गाडी अडते. टारबॉल होम फोल्डरमध्ये कॉपी करून तिथेच सोडवा.

फोल्डरच्या नावाचंही तेच. वाटेत कुठेही ‘अँड’चं चिन्ह किंवा अवतरणचिन्ह असेल तर कॉन्फिगर फोल्डरचं नाव धोक्याचं म्हणून लगेच थांबतं. स्पेस असेल तर तेवढ्यावर थांबेलच असं नाही, पण बरंच पुढे जाऊन भलत्याच ठिकाणी ठेच लागू शकते. नाव साधं, रोमन अक्षरांत, स्पेसशिवाय ठेवा.

१२. ‘नवी तयार केलेली फाइल जुन्या फाइलींपेक्षा जुनी आहे, घड्याळ तपासा’ असा एरर आला. म्हणजे काय?

म्हणजे अक्षरशः तेच. एका कॉलेजच्या लॅबमध्ये यावर माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. मी कंपाइलर बदलला, टारबॉल पुन्हा उतरवला, आणि कोपऱ्यातल्या तारखेकडे पाहिलंच नाही. मदरबोर्डवरचा बटण सेल संपला होता, त्यामुळे मशीन बंद केलं की तारीख कित्येक वर्षं मागे जायची. टारबॉलमधल्या फाइली त्या हिशोबाने ‘भविष्यातल्या’ ठरत होत्या.

तारीख नीट करा आणि कॉन्फिगर पुन्हा चालवा. सेलही बदला, कारण चुकीच्या तारखेवर पुढे सर्टिफिकेटही नाकारली जातात.

१३. मेकमध्ये शेकडो ओळी येऊन शेवटी ‘एरर १’ असतो. तो शोधून काही सापडत नाही.

शेवटचा ‘एरर १’ म्हणजे ‘आत काहीतरी बिघडलं’ एवढाच निरोप आहे. खरं कारण वर असतं. ‘मेक’ एकदा बाकी काही न लावता चालवा, म्हणजे समांतर कामांच्या ओळी एकमेकांत मिसळणार नाहीत. मग वर जाऊन ‘एरर’ शब्द असलेली पहिली ओळ शोधा. फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि कारण तिथेच असतं. मदत मागताना शेवटचा स्क्रीनशॉट नको, ती पहिली ओळ आणि तिच्या मागच्यापुढच्या पाच ओळी मजकूर म्हणून द्या.

वॉर्निंग भरपूर येतील, त्यांनी बिल्ड थांबत नाही. त्यात एक अपवाद आहे. जीसीसी या कंपाइलरच्या १४व्या आवृत्तीपासून काही जुन्या वॉर्निंगांचे एरर झाले: न जाहीर केलेलं फंक्शन वापरणं, एका प्रकारच्या पॉइंटरच्या जागी दुसऱ्या प्रकारचा देणं. जुना टारबॉल नव्या कंपाइलरवर यामुळे अडतो. पहिला उपाय, मालिकेतला सर्वांत नवा टारबॉल घ्या. जुनाच हवा असेल तर त्या विशिष्ट एररला ‘सीफ्लॅग्ज’ या मोठ्या अक्षरांतल्या चलामधून पुन्हा वॉर्निंगचा दर्जा देता येतो. ते करायच्या आधी ती ओळ वाचून बघा. कधीकधी कंपाइलर खरी चूक दाखवत असतो.

१४. ‘मेक -जे’ दिलं आणि मशीनच थिजलं.

‘-जे’पुढे आकडा दिला नाही की मेक एकाच वेळी मिळेल तितकी कामं सुरू करतं आणि रॅम भरते. ‘मेक -जे४’ असा आकडा द्या. दोन जीबी रॅमच्या मशीनवर ‘-जे२’ पुरे.

१५. सगळ्याच आज्ञांना सुडो लावलं तर काय बिघडतं?

सुडोने मेक केलंत की तयार झालेल्या फाइली रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या, मालकीच्या होतात. पुढच्या वेळी साध्या यूजरने मेक केलं की ‘परमिशन डिनाइड’. मग पुन्हा सुडो, आणि हे चक्र थांबत नाही. त्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे कॉन्फिगर आणि मेक ही बाहेरून आणलेली स्क्रिप्ट आहे. तिला मशीनच्या सगळ्या किल्ल्या कशाला द्यायच्या? सुडो फक्त ‘मेक इन्स्टॉल’ आणि ‘एलडीकॉन्फिग’ला. आधीच घोळ झाला असेल तर ते फोल्डर सुडोने उडवा आणि टारबॉल नव्याने सोडवा.

१६. इन्स्टॉल झालं, पण सुरू करताना ‘लिबपर्पल.एसओ.० सापडत नाही’ म्हणतं.

‘सुडो एलडीकॉन्फिग’ राहिलंय. तुमची लिबपर्पल ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये गेली आहे आणि सिस्टिमच्या लायब्ररी-यादीत तिची नोंद झालेली नाही. काही डिस्ट्रोंच्या यादीत तो फोल्डरच नसतो, तिथे ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी’मध्ये ती वाट लिहिलेली एक छोटी फाइल ठेवा आणि आज्ञा पुन्हा चालवा.

१७. नवा पिजिन बिल्ड केला तरी जुनाच उघडतो. किंवा अर्धा नवा, अर्धा जुना वाटतो.

‘पिजिन --व्हर्जन’ चालवा. दोन आकडे दिसतील, एक पिजिनचा आणि एक लिबपर्पलचा.

दोन्ही जुने असतील तर शेल जुनाच प्रोग्राम उचलतंय. ‘हॅश -आर’ द्या किंवा नवं टर्मिनल उघडा, आणि ‘विच पिजिन’ने वाट तपासा. पिजिन नवा आणि लिबपर्पल जुनी असेल तर नवा चेहरा डिस्ट्रोच्या जुन्या इंजिनावर बसलाय. अशा जोडीने विचित्र क्रॅश होतात आणि त्यांचा माग काढणं फार त्रासाचं जातं. प्रश्न १६मधला उपाय करा, आणि दोन्ही ठेवण्याचं खास कारण नसेल तर डिस्ट्रोचं पिजिन पॅकेज काढून टाका.

१८. माझ्याकडे ॲडमिन पासवर्ड नाही. तरी करता येईल?

येईल. कॉन्फिगरला ‘--प्रिफिक्स=’ देऊन तुमच्या होममधल्या एखाद्या फोल्डरची पूर्ण वाट द्या. मग ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’, दोन्ही सुडोशिवाय. एलडीकॉन्फिगही लागत नाही. हेडर्स मात्र मशीनवर आधीपासून असायला हवीत. ती नसतील तर लॅबच्या ॲडमिनकडे एकदाच प्रश्न ६ची आज्ञा चालवून मागा.

हा पिजिन मेनूत दिसत नाही, कारण त्याची ‘.डेस्कटॉप’ फाइल तुमच्या प्रिफिक्सखालच्या ‘शेअर/ॲप्लिकेशन्स’मध्ये पडते. ती ‘~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स’मध्ये कॉपी करा आणि तिच्यातल्या ‘एक्झेक’ ओळीत पूर्ण वाट लिहा.

१९. पिजिनमध्ये मराठी टाइप होत नाही. बाकी सगळीकडे होतं.

या प्रश्नासाठी अनेकांनी बिल्ड तीन-तीनदा केलंय, आणि चूक बिल्डमध्ये नसतेच.

इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्ड बहुतेक डिस्ट्रोंवर आयबस या टायपिंगच्या सेवेतून चालतो. प्रत्येक प्रोग्रामला आयबसशी बोलायला त्याच्या जीटीके आवृत्तीचा दुवा लागतो. तुमचा ब्राउझर आणि एडिटर जीटीके ३ किंवा ४वर आहेत, त्यांचा दुवा आधीच इन्स्टॉल असतो. पिजिन जीटीके २वर आहे आणि नव्या डिस्ट्रोंवर तो दुवा आपोआप येत नाही. डेबियन-उबुंटूवर ‘आयबस-जीटीके’ टाका, म्हणजे नावापुढे आकडा नसलेलं, फेडोरावर ‘आयबस-जीटीके२’. पिजिन पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. तरीही होत नसेल तर ‘जीटीके_आयएम_मॉड्यूल=आयबस पिजिन’ असं टर्मिनलमधून सुरू करून बघा; यातलं पहिलं नाव मोठ्या अक्षरांत, ‘आयबस पिजिन’ लहान.

मेनू मराठीत हवे असतील तर तेही आहे. पिजिनसोबत मराठी भाषांतराची फाइल येते, फक्त बिल्ड करताना ‘--डिसेबल-एनएलएस’ दिलेलं नसावं आणि सिस्टिमवर मराठी लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, तयार असावं. एवढं करून मेनू इंग्रजीच राहिले तर ‘लँग’सोबत ‘लँग्वेज’ हे चलही तपासा, दोन्ही नावं मोठ्या अक्षरांत. दोन्ही असतील तर भाषांतरापुरतं ‘लँग्वेज’चं म्हणणं चालतं.

२०. आयआरसीवर माझा मराठी मेसेज मध्येच तुटतो. तेवढाच इंग्रजी मेसेज जातो!

आयआरसीचा एक संदेश ५१२ बाइटांत बसावा लागतो, आणि त्यात पत्त्याचा भागही आला. यूटीएफ-८मध्ये इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, हलन्त, प्रत्येकी तीन बाइट. ‘क्षितिज’ या शब्दाला सात चिन्हं लागतात, म्हणजे २१ बाइट. त्यामुळे मराठी वाक्य इंग्रजीच्या तिसऱ्या हिश्शातच मर्यादा गाठतं. हा पिजिनचा किंवा तुमच्या बिल्डचा दोष नाही. आयआरसीवर छोटी वाक्यं लिहा. एक्सएमपीपीवर ही अडचण नाही.

२१. प्लगइनही सोर्सवरूनच बिल्ड करायचे का? ओटीआर, व्हॉट्सॲप वगैरे?

पिजिन स्वतः बिल्ड केला असेल तर प्लगइनही त्याच पिजिनच्या हेडरांवर बिल्ड करा. ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ या मोठ्या अक्षरांतल्या चलाला ‘/यूएसआर/लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिग’ द्या आणि मग प्लगइनचं कॉन्फिगर चालवा. नाहीतर ते डिस्ट्रोच्या जुन्या पिजिनवर जोडलं जातं. तयार प्लगइन ‘~/.पर्पल/प्लगइन्स’मध्ये ठेवलं की यादीत दिसतं. ओटीआरला, म्हणजे दोघांमधलं बोलणं एन्क्रिप्ट करणाऱ्या प्लगइनला, लिबओटीआर आणि लिबजीक्रिप्ट लागतात.

व्हॉट्सॲपसाठी गो भाषेवर आधारलेलं एक त्रयस्थ प्लगइन आहे. व्हॉट्सॲपच्या अटींना ते धरून नाही, खातं बंद होऊ शकतं. घरचे सगळे ज्या नंबरवर असतील त्यावर हा प्रयोग करू नका.

आता प्रश्न ५मध्ये सांगितलेला दाखला. २०२४च्या जुलैत पिजिनच्या त्रयस्थ प्लगइनांच्या यादीत ‘एसएस-ओटीआर’ नावाचं प्लगइन आलं. ओटीआरमधून स्क्रीन शेअर करण्याची सोय म्हणून ते मांडलेलं होतं. ऑगस्टमध्ये उघड झालं की ते कीबोर्डवरची प्रत्येक कळ नोंदवत होतं आणि स्क्रीनची चित्रं बाहेर पाठवत होतं. त्याचा सोर्स दिलेलाच नव्हता, फक्त तयार बायनरी होती, आणि ही गोष्ट कोणाच्या वेळेत लक्षात आली नव्हती. पिजिनच्या लोकांनी ते यादीतून काढलं, तसं जाहीर सांगितलं आणि यापुढे मुक्त परवान्याचं प्लगइनच यादीत घ्यायचं ठरवलं. ज्याचा सोर्स बघायला मिळत नाही ते प्लगइन मेसेंजरमध्ये घालू नका, मग ते कितीही सोयीचं असो.

२२. डिस्ट्रोचा पिजिन जोडला जातो, माझा बिल्ड केलेला ‘सर्टिफिकेट अवैध’ म्हणतो. सर्व्हर तोच!

आधी तारीख बघा, प्रश्न १२. ती बरोबर असेल तर तुमच्या बिल्डला सिस्टिमची मूळ सर्टिफिकेटं कुठे आहेत ते माहीत नाही. स्वतःहून तो पिजिनसोबत आलेली यादीच वापरतो, आणि जुन्या टारबॉलमधली यादी जुनीच असते. लेट्स एन्क्रिप्टची जुनी मूळ साखळी ३० सप्टेंबर २०२१ला संपली, तेव्हा अशा बिल्डांवर खूप जण अडकले होते. डिस्ट्रोवाले बिल्ड करताना सिस्टिमचा फोल्डर देतात. तुम्हीही कॉन्फिगरला ‘--विथ-सिस्टम-एसएसएल-सर्ट्स=/ईटीसी/एसएसएल/सर्ट्स’ द्या आणि पुन्हा बिल्ड करा. ही वाट डेबियन-उबुंटूची आहे.

येणाऱ्या खिडकीत ‘स्वीकारा’ दाबून मोकळं होऊ नका. सर्व्हर खरा आहे की मध्ये कोणी बसलंय, हे सांगणारी तेवढी एकच जागा आहे.

२३. ‘अकाउंट्स.एक्सएमएल’मध्ये माझा पासवर्ड जसाच्या तसा दिसतोय. बिल्ड चुकलं का?

बिल्ड बरोबर आहे. पिजिन २ जतन केलेला पासवर्ड साध्या मजकुरात ठेवतो, आणि हे त्यांनी जाणूनबुजून ठरवलेलं आहे. पासवर्ड न विचारता सुरू होणाऱ्या प्रोग्रामला तो उलगडायची किल्लीही तिथेच कुठेतरी ठेवावी लागते, मग लपवल्याचा नुसता भास उरतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. सामायिक मशीनवर ‘पासवर्ड लक्षात ठेवा’ची खूण काढा, स्वतःच्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट करा.

२४. विंडोजवर किंवा मॅकवर असंच बिल्ड होईल का?

विंडोजसाठी तयार इन्स्टॉलरच घ्या. तिथलं बिल्ड हे वेगळंच प्रकरण आहे. मॅकवर लिबपर्पलवरच उभा असलेला ॲडियम आहे.

२५. काढून टाकायचं कसं? सोर्सचं फोल्डर मी कधीच डिलीट केलंय.

फोल्डर असतं तर त्यात जाऊन ‘सुडो मेक अनइन्स्टॉल’ पुरलं असतं. नसेल तर त्याच आवृत्तीचा टारबॉल पुन्हा उतरवा, आधी दिले होते तेच पर्याय आणि तोच प्रिफिक्स देऊन कॉन्फिगर चालवा, आणि मग ‘सुडो मेक अनइन्स्टॉल’. पर्याय आठवत नसतील तर निदान प्रिफिक्स जुळवा. चुकून राहिलेल्या फाइली ‘/यूएसआर/लोकल/लिब’खालच्या ‘पिजिन’ आणि ‘पर्पल-२’ या फोल्डरांत सापडतील. होममध्ये केलं असेल, प्रश्न १८प्रमाणे, तर तो एक फोल्डर उडवला की झालं.

यानंतरही ‘~/.पर्पल’ तसाच राहतो. त्यात तुमची खाती, मित्रांची यादी आणि आजवरचं सगळं बोलणं आहे. बिल्ड पुन्हा कधीही करता येतं, ते बोलणं पुन्हा मिळत नाही. तो फोल्डर कॉपी करून ठेवल्याशिवाय त्याला हात लावू नका.